सरासरी नियतकालिकाची, निकाल माणसाचा

संशोधकांचे अर्ज तपासण्याच्या कामात अनेक वर्षे घालवल्यावर एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. अर्जात शोधनिबंधाचे शीर्षक असते, सहलेखकांची नावे असतात, प्रकाशनाचे वर्ष असते; पण समितीतील बहुतेकांची नजर थेट उजवीकडच्या रकान्यावर जाते, जिथे निबंध ज्या नियतकालिकात छापून आला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला याचा आकडा, लिहिलेला असतो. आकडा दहाच्या वर असला की चर्चा संपते, एकच्या खाली असला तरी संपते, आणि दोन्ही वेळा निबंध उघडून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. हा आकडा मुळात कशासाठी जन्माला आला, तो कसा काढतात आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवता येत नाही, हे नीट पाहिले तर या सवयीने होणारा अन्याय स्पष्ट दिसतो. या लेखात तेच सविस्तर मांडायचे आहे.

संदर्भ मोजण्याची कल्पना ग्रंथालयातून आली. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख अमेरिकी नियतकालिकातील संदर्भसूची मोजून, महाविद्यालयीन ग्रंथालयाने मर्यादित पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. पुढे १९५५ साली माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणत्या निबंधाचा संदर्भ (सायटेशन) पुढे कोणी दिला याची सूची, असावा अशी मांडणी केली. त्यांच्यासमोर नमुना होता तो कायद्याच्या क्षेत्रातील शेपर्ड्स सायटेशन्सचा, ज्यात एखाद्या जुन्या निकालाचा पुढच्या कोणकोणत्या निकालांनी आधार घेतला किंवा कुठे तो फिरवला, याची नोंद वकिलांना एका जागी मिळत असे. वैज्ञानिकालाही आपल्या हातातील निबंधाचे पुढे काय झाले, कोणी तो पुढे नेला आणि कोणी खोडून काढला, हे कळावे हा गारफिल्ड यांचा मूळ हेतू होता. साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स तयार करताना कोणती नियतकालिके त्यात घ्यायची हा प्रश्न आला. नुसत्या एकूण सायटेशनवर निवड केली असती तर भरमसाठ निबंध छापणारी मोठी नियतकालिकेच पुढे राहिली असती आणि लहान पण महत्त्वाची नियतकालिके बाहेर पडली असती. म्हणून गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी सायटेशनच्या संख्येला निबंधांच्या संख्येने भागले, आणि इम्पॅक्ट फॅक्टर तयार झाला. १९७५ पासून जर्नल सायटेशन रिपोर्ट्स या वार्षिक अहवालातून तो नियमित प्रसिद्ध होऊ लागला. एका संशोधकाची दुसऱ्याशी तुलना करणे या सगळ्यात कुठेच नव्हते, आणि व्यक्तींच्या मूल्यमापनासाठी हा आकडा वापरण्याबाबत खुद्द गारफिल्ड यांनी पुढे वारंवार सावध केले होते.

आकडा काढण्याची पद्धत सोपी आहे. समजा, एका नियतकालिकाने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ६० निबंध छापले आणि या शंभर निबंधांना २०२४ या एका वर्षात मिळून ३०० सायटेशन मिळाली, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३ होतो. म्हणजे ही मागील दोन वर्षांच्या निबंधांची, एका वर्षापुरती काढलेली सरासरी आहे.

भागाकार इतका साधा असला तरी अंश आणि छेद यांत काय धरायचे हा प्रश्न साधा नाही. अंशामध्ये नियतकालिकातील कोणत्याही मजकुराला मिळालेली सायटेशन येतात, मग ते संपादकीय असो, वाचकाचे पत्र असो की बातमी. छेदामध्ये मात्र फक्त संशोधन निबंध आणि आढावा लेख धरले जातात. त्यामुळे चर्चेत राहणारी संपादकीये आणि टिपणे भरपूर छापणाऱ्या नियतकालिकाला अंशात भर मिळते आणि छेदात काही मोजावे लागत नाही. २००६ साली ‘पीएलओएस मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी आपला अनुभव जाहीरपणे लिहिला: कोणत्या प्रकारचा मजकूर छेदात धरायचा यावर आकडा काढणाऱ्या कंपनीशी त्यांची चर्चा सुरू होती, आणि त्या एका निर्णयावर त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर तीनपेक्षाही कमी येणार की अकरापर्यंत जाणार हे अवलंबून होते. नियतकालिक तेच, निबंध तेच, वाचकही तेच; बदलणार होते ते फक्त वर्गीकरण. एखाद्या तरुण संशोधकाची नेमणूक त्या वर्षी अशा आकड्यावर ठरत असेल, तर त्याने किंवा तिने कोणाकडे दाद मागायची?

सरासरी हे माप इथे किती फसवे ठरते याचे याहून ठळक उदाहरण ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागाचे आहे. स्फटिकशास्त्राच्या सैद्धांतिक बाजूला वाहिलेले हे प्रतिष्ठित नियतकालिक आहे आणि त्याचा २००८ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ होता. २००९ चा आकडा जाहीर झाला तो ४९.९२६. त्या वर्षी विज्ञानातील अग्रगण्य नियतकालिक ‘नेचर’चा आकडा ३४.४८० होता, म्हणजे स्फटिकशास्त्राचे हे नियतकालिक एका वर्षात ‘नेचर’च्या पुढे गेले. झाले होते ते असे: जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकरचना उलगडण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आपल्या शेलएक्स या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा एक लेख जानेवारी २००८ मध्ये तिथे प्रसिद्ध केला होता, आणि ही प्रणाली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा लेख द्यावा अशी सूचना लेखातच होती. प्रणाली वापरणारे हजारो होते आणि त्यांनी ती सूचना पाळली. परिणामी या एका लेखाला २००९ या एका वर्षात साडेसहा हजारांहून अधिक सायटेशन मिळाली. पुढच्या वर्षीही आकडा पन्नासच्या वर राहिला, आणि लेख दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडताच तो पुन्हा दोनच्या आसपास आला. या काळात तिथे छापलेल्या इतर निबंधांच्या गुणवत्तेत काहीही फरक पडला नव्हता. तरीही इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना पाहून निर्णय घेणाऱ्या समितीपुढे त्या दोन वर्षांत आलेला प्रत्येक लेखक पन्नासचा मानकरी ठरला असता आणि त्यानंतर लगेच आलेला केवळ दोनचा.

हे उदाहरण टोकाचे आहे, परंतु त्यामागची रचना सर्वत्र तीच आहे. सायटेशनचे वाटप अत्यंत विषम असते. दहा निबंधांना अनुक्रमे ०, ०, १, १, १, २, २, ३, ४ आणि ८६ सायटेशन मिळाली असे धरा. सरासरी दहा येते, पण दहापैकी नऊ निबंध त्या सरासरीच्या खूप खाली आहेत आणि मध्यक अवघा दीड आहे. पेर सेग्लेन यांनी १९९२ साली हेच प्रत्यक्ष माहितीवर दाखवले होते: सर्वाधिक संदर्भित १५ टक्के निबंधांकडे निम्मी सायटेशन जातात आणि वरच्या ५० टक्क्यांकडे ९० टक्के. ‘नेचर’नेही २००५ मध्ये संपादकीयातून मोकळेपणाने मान्य केले की त्यांच्या आदल्या वर्षाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधील ८९ टक्के सायटेशन केवळ २५ टक्के निबंधांनी मिळवून दिली होती. तेव्हा नियतकालिकाचा आकडा त्यातील निबंधाला लावणे म्हणजे वर्गाच्या सरासरी गुणांची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर करण्यासारखे आहे. फरक इतकाच की शाळेत असे कोणी केले तर पालक दुसऱ्या दिवशी जाब विचारायला येतील, आणि संशोधन क्षेत्रात आपण ते पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने चालवून घेतले आहे.

विषयांमधील फरक हा आणखी एक मोठा मुद्दा. पेशीजीवशास्त्रातील निबंधाच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ सहज असतात आणि त्यांतले बरेचसे अलीकडचे असतात. गणितातील निबंधात संदर्भ थोडे असतात आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या प्रमेयाचा आधार घेणे तिथे नेहमीचेच असते. दोन वर्षांची खिडकी पहिल्या विषयाला सोयीची आहे आणि दुसऱ्याला जाचक. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांत तर महत्त्वाचे लेखन ग्रंथरूपाने येते, ज्याची नोंद या सूचींमध्ये अपुरीच होते. गणिताच्या एका चांगल्या नियतकालिकाचा आकडा दीड आणि जीवशास्त्राच्या एका साधारण नियतकालिकाचा पाच असू शकतो, आणि विद्याशाखेच्या एकत्रित समितीत हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले जातात तेव्हा गणिताच्या उमेदवाराची बाजू मांडायला अनेकदा कोणीच नसते. नंतर आणखी मापे आली. नेदरलँड्समधील लायडन येथील हेन्क मूड यांनी मांडलेले, विषयानुसार समायोजन करणारे स्निप, संदर्भ देणाऱ्या नियतकालिकाचे वजन लक्षात घेणारे आयगेनफॅक्टर आणि एसजेआर, २०१६ मध्ये आलेला साइटस्कोअर: यांतील प्रत्येकाने एखादी उणीव दूर केली. मात्र ही सर्व मापे नियतकालिकाचीच आहेत, आणि एका निबंधाविषयी ती इम्पॅक्ट फॅक्टरइतकीच मौन राहतात.

मग व्यक्तीसाठी वेगळे माप हवे, या गरजेतून २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या किमान बारा निबंधांना प्रत्येकी किमान बारा सायटेशन आहेत, पण तेरा निबंधांना तेरा-तेरा नाहीत, त्याचा एच-इंडेक्स बारा. व्याख्या इतकी सुटसुटीत होती की ती पाहता पाहता जगभर पसरली. हिर्श यांनी भौतिकशास्त्रापुरते काही अंदाजही दिले होते, जसे की अमेरिकी विद्यापीठात कायम नेमणुकीसाठी साधारण बारा आणि प्राध्यापकपदासाठी अठरा. आणि एकच आकडा माणसाच्या बहुआयामी कामाचे ढोबळ चित्रच देऊ शकतो असेही त्याच निबंधात स्पष्ट केले होते. बारा आणि अठरा लोकांच्या लक्षात राहिले, इशारा मागे पडला.

एच-इंडेक्स काय दाखवतो आणि काय झाकतो, हे दोन काल्पनिक संशोधकांवरून पाहू. पहिलीने पाच निबंध लिहिले आणि त्यांना ४००, २५०, ९०, ६० आणि ४० अशी एकूण ८४० सायटेशन मिळाली. दुसऱ्याने बारा निबंध लिहिले आणि प्रत्येकाला बारा म्हणजे एकूण १४४ सायटेशन मिळाली. पहिलीचा एच-इंडेक्स पाच, दुसऱ्याचा बारा. कमी लिहून क्षेत्राची दिशा बदलणाऱ्यांना हे माप मुळातच प्रतिकूल आहे. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे वय आणि ज्येष्ठता त्यात आपोआप भरली जाते. बाळंतपण, आजारपण किंवा कौटुंबिक जबाबदारीमुळे खंड पडलेल्या व्यक्तीचे नुकसान त्यात दिसत नाही. सहलेखकांची संख्या आणि वाटा तर तो विचारातच घेत नाही. २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाविषयी प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते, आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांच्या व त्यांच्या संस्थांच्या यादीने व्यापलेली होती. असा एक निबंध त्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण एक म्हणून जमा होतो.

याच्याही मुळाशी एक प्रश्न आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: एखाद्या निबंधाचा संदर्भ दिला जातो म्हणजे नेमके काय घडते? कधी त्या निबंधाच्या विचारावर पुढचे काम उभे राहते. कधी पद्धत वापरली एवढीच नोंद असते. १९५१ सालचा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीविषयीचा ऑलिव्हर लाउरी यांचा निबंध तीन लाखांहून अधिक सायटेशनसह सर्वाधिक संदर्भित निबंधांच्या यादीच्या शिखरावर आहे, आणि डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध त्याच्या आसपासही नाही. कधी संदर्भ खोडून काढण्यासाठी दिला जातो. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील १९९८ चा निबंध २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेण्यात आला, त्याला मिळालेली बहुसंख्य सायटेशन त्याच्या विरोधात आहेत, पण मोजणाऱ्या यंत्राला होकार आणि नकार यांतला भेद कळत नाही. आणि कधी संदर्भ केवळ प्रथेने, आधीच्या कोणी दिला म्हणून, मूळ निबंध न उघडता दिला जातो. हे सर्व एकाच बेरजेत जाते.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे मोल १९०० च्या सुमारास ओळखले गेले. ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारेच्या अटकळीची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये अर्काइव्ह या निबंध थेट सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तीन लेखांतून ठेवली आणि ती कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. गणितातील शतकभर अडलेला प्रश्न सुटला, आणि इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात भरायला काहीच नव्हते. जगभरच्या गणितज्ञांनी काही वर्षे खर्चून ते लेख ओळ न्‌ ओळ वाचले, तपासले आणि मगच मान्य केले. मूल्यमापन कसे करायचे असते हे त्यांनी दाखवून दिले, असे मला मनापासून वाटते.

आकड्यावर नोकरी, बढती आणि अनुदान ठरू लागले की आकडा वाढवण्याचे मार्गही निघतात. काही संपादक निबंध स्वीकारण्यापूर्वी आमच्या नियतकालिकातील संदर्भ वाढवा असे सुचवतात. विल्हाइट आणि फाँग यांनी २०१२ साली ‘सायन्स’मध्ये या सक्तीच्या संदर्भांवर पाहणी प्रसिद्ध केली, आणि त्यात असा दबाव कनिष्ठ लेखकांवर अधिक येतो असे दिसले. मीही असे पत्र जवळून पाहिले आहे. निबंधाच्या शास्त्रीय मजकुराविषयी त्यात एक ओळही नव्हती. फक्त गेल्या दोन वर्षांतील त्यांच्याच अंकांतील काही लेखांची यादी होती आणि लेखिकेने त्यांचा ‘योग्य ठिकाणी’ समावेश करावा अशी विनंती होती. दोनच वर्षे का, हे सूत्र माहीत असणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्या संशोधिकेची पहिलीच नेमणूक कंत्राटी होती आणि तिने ते संदर्भ घातले. तिला मी दोष देऊ शकत नाही. याशिवाय दोन-तीन नियतकालिकांनी आपसांत संगनमत करून एकमेकांना संदर्भ देण्याचे प्रकार उघड झाले आहेत आणि त्यासाठी २०१३ मध्ये ब्राझीलमधील चार नियतकालिकांना वर्षभर इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीबाहेर ठेवले गेले. एच-इंडेक्सबद्दल बोलायचे तर फ्रान्समधील सिरिल लाबे यांनी २०१० मध्ये संगणकाने रचलेल्या निरर्थक निबंधांच्या जोरावर आयक अँटकेअर नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक गुगल स्कॉलर या निबंध शोधण्याच्या सेवेवर उभा केला आणि त्याचा एच-इंडेक्स ९४ वर नेऊन दाखवला.

या सगळ्यावरून सायटेशन मोजूच नयेत असा निष्कर्ष मी काढत नाही. एखाद्या विषयात नवखा माणूस वाट शोधत असतो तेव्हा कोणाचे काम कोणी पुढे नेले हे दाखवणारी सूची अमूल्य असते, आणि गारफिल्ड यांनी ती त्यासाठीच उभारली. ग्रंथालयाला वर्गणीचे निर्णय घ्यायला, एखाद्या देशाचे किंवा संस्थेचे अनेक वर्षांचे काम विषयवार समायोजन करून ढोबळमानाने पाहायला हे आकडे उपयोगी पडतात, कारण तिथे संख्या मोठी असते आणि व्यक्तीच्या भवितव्याचा प्रश्न नसतो. आणखी एक गोष्ट न्यायाने मांडली पाहिजे: आकडे येण्यापूर्वी ओळखी, शिफारशी आणि गुरूचे नाव यांवर जे निर्णय होत, ते काही निर्मळ नव्हते. अनोळखी संस्थेतील, कोणाचा वशिला नसलेल्या माणसाला आकड्याने दार उघडून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून रकाना काढून टाकायचा तर त्याच्या जागी काय येणार याचे उत्तर आधी तयार हवे.

उत्तराची दिशा गेल्या दशकभरात बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहे. २०१२ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या पेशीजीवशास्त्रज्ञांच्या मेळाव्यातून संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीचा डोरा हा जाहीरनामा निघाला. निबंधाच्या किंवा व्यक्तीच्या गुणवत्तेऐवजी नियतकालिकाचा आकडा वापरू नये ही त्याची मध्यवर्ती मागणी. याच विषयावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांत पहिले तत्त्व असे आहे की संख्यात्मक मापांनी तज्ज्ञांच्या गुणात्मक मूल्यमापनाला आधार द्यावा. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणूक आणि बढतीच्या प्रक्रियेतून इम्पॅक्ट फॅक्टर वगळण्याचे जाहीर केले. हा आकडा काढणारी कंपनी खुद्द क्लॅरिव्हेटने २०२३ पासून हा आकडा दशांश चिन्हानंतर तीन स्थळांऐवजी एकाच स्थळापर्यंत द्यायला सुरुवात केली; तीन स्थळांची अचूकता त्यात मुळात नव्हतीच.

नियतकालिकाचा दर्जा पाहायचाच असेल तर मी स्वतः वेगळ्या गोष्टी पाहतो. संपादक मंडळावर कोण आहेत आणि ते त्या विषयात प्रत्यक्ष काम करतात का. परीक्षणाची प्रक्रिया लिखित आहे का. मूळ माहिती उपलब्ध करून देण्याची अट आहे का. आणि चूक निदर्शनास आल्यावर दुरुस्ती किंवा माघार किती तत्परतेने प्रसिद्ध होते. शेवटचा निकष मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. जिथे वर्षानुवर्षे एकही दुरुस्ती छापलेली नाही तिथे चुका होत नसाव्यात, यावर माझा विश्वास बसत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या आणि मुखपृष्ठावर कुठल्या तरी बनावट ‘ग्लोबल’ इम्पॅक्ट फॅक्टरची पताका लावणाऱ्या नियतकालिकांचे पितळ या चार प्रश्नांतच उघडे पडते.

व्यक्तीच्या बाबतीत पद्धत आणखी सोपी आहे, फक्त ती वेळखाऊ आहे. उमेदवाराने आपले सर्वांत महत्त्वाचे चार किंवा पाच निबंध निवडावेत, प्रत्येकात काय नवीन सांगितले आणि त्यात आपला वाटा कोणता हे आठ-दहा ओळींत लिहावे, आणि समितीतील किमान दोघांनी ते निबंध वाचून आपले लेखी मत द्यावे. सायटेशन पाहायचीच तर त्या निबंधांची पाहावीत, आणि कोणी कशासाठी संदर्भ दिला हे उघडून पाहावे. यावर नेहमीचा आक्षेप असतो की अर्ज शेकड्याने येतात आणि सगळे वाचणे अशक्य आहे. पहिल्या चाळणीपुरता मलाही तो मान्य आहे. तिथे पात्रता आणि विषयाची जुळणी पुरेशी असते. पण मुलाखतीला बोलावलेल्या सात-आठ जणांचे प्रत्येकी दोन निबंध वाचणे हे दोन-तीन संध्याकाळचे काम आहे, आणि एखाद्याची पुढची तीस वर्षे ठरवण्याच्या बदल्यात ते मागणे मला अवाजवी वाटत नाही. पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव मी लेखी ठेवणार आहे, आणि त्यासोबत अर्जाच्या नमुन्यातून उजवीकडचा तो रकाना काढून तिथे ‘या कामातील आपला वाटा’ असा मथळा घालावा अशी सूचनाही जोडणार आहे.